दहा घरं, अकरा थांबे

माणसं चालतात कशी, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं काम एकच. आलेल्या माणसाच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, मनगटांवर चकचकीत मणी चिकटवायचे. कॅमेरे त्या मण्यांवरून चाल टिपतात. मणी बोटभर सरकला तरी आकडे भलतेच येतात, म्हणून मोठमोठ्या पदव्यांची मंडळीही तिला मणीताई म्हणतात आणि जरा वचकूनच असतात.

तिचं एक पक्कं मत होतं: कॅमेऱ्यासमोर माणूस चालत नाही, मिरवतो. जन्मभर पाय ओढत चाललेला गडीसुद्धा त्या चालायच्या पट्टीवर नवरदेव होतो. म्हणून तर हल्ली संशोधक चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला लावतात. डोकं हिशेबात गुंतलं की पाय खरं बोलतात.

आज मणी तिच्या बाबांना लावायचे होते. बाबा म्हणजे निवृत्त पोस्टमन, उभा जन्म पायांवर काढलेला माणूस. महिन्यापूर्वी ते स्वयंपाकघरात पडले. फरशी ओली होती, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून तिचा दादा हटून बसला होता, एकट्याने बाहेर पडायचं नाही. बाबा कसले ऐकतात!

"तुझं मशीन सांगेल ते मान्य," ते तिला म्हणाले. "पण चाल चांगली निघाली तर दादाने गप्प बसायचं."

साधी चाल झक्कास आली. वजाबाकीला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "ती मला शाळेतही जमली नाही. आता चुकलो तर दोष पायांना देणार का?"

मुद्दा बिनतोड होता. "बरं, तुमच्या नोकरीतल्या शेवटच्या गल्लीतली घरं सांगत चला," ती म्हणाली. "ओळीने. दहा होती ना?"

बाबा फेऱ्या मारू लागले. "शिंपी... दातांचे डॉक्टर... त्या भांडकुदळ बहिणी..."

आकडे पाहून संशोधक बाईंचा चेहरा उतरला. "अकरा वेळा थांबलेत. लक्षण काही बरं नाही."

मणीताईने चित्रण पुन्हा लावलं. पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसते ठिपके. प्रत्येक थांब्याला उजव्या मनगटाचा ठिपका पुढे जात होता आणि मागे येत होता. तिला हसूच फुटलं.

"अहो, ते टपाल टाकतायत!"

बाईही हसल्या. आता तिथेच सोडून दिलं असतं तर बाबा जिंकले असते. पण तिला राहवेना, तिने मोजलं. आठव्या घरानंतर पाय थांबले होते, हात मात्र हलला नव्हता. डावा घोटा क्षणभर जागीच खिळला होता.

"दहा टपालाचे," ती हळूच म्हणाली. "एक नाही. लिहून घ्या."

बाहेर बाबा बाकावर बुटाच्या नाड्या बांधत होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तेच आधी बोलले.

"आठव्यानंतर थांबलो तिथे घर नव्हतं. दिसलं ना तुला?"

"दिसलं, बाबा."

"स्वयंपाकघरातही असंच झालं. पाय उचलेचना. फरशी कोरडी होती गं." त्यांनी नाडी घट्ट केली. "दादाला मीच सांगतो. उद्यापासून तू बरोबर चल. पण हात धरायचा नाही."

"नाही धरणार."

उठताना त्यांनी उजवा हात पुढे केला. तिने तो धरला.