तेविसाव्या पानाचा वरचा अर्धा

ओदिल दवांद्रच्या घरात पलंगासमोरच्या भिंतीवर पाणी टांगलेलं होतं. काचेत, सत्तेचाळीस वर्षं. शाईचं काळं पाणी, फुटलेल्या बंधाऱ्यातून गावात शिरणारं, उंबरे गिळणारं, एक खुर्ची उचलून नेणारं. वर आकाश नव्हतं, पूल नव्हता, माणूस नव्हता. चित्रकथेचं ते अर्धंच पान होतं. खालचं.

ब्रसेल्समध्ये त्या काळी पानं अशीच काढत. पान मोठं, टेबलं लहान. म्हणून वरचा अर्धा एका कागदावर, खालचा दुसऱ्यावर. काम झालं की मागच्या बाजूने तपकिरी डिंकपट्टी ओली करून दोन्ही जोडायचे आणि छापखान्यात धाडायचे. छापून परत आलेल्या पानांना कुणी विचारत नसे. त्यांच्यावर ब्रश पुसले जात, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ती घातली जात.

मालक, म्हणजे अर्मां कोल्पार्त, माणसं काढत. त्यांच्या ‘खलाशी अमांद’साठी लोक बुधवारी सकाळपासून दुकानाशी उभे राहत. पण मालकांना पाणी येत नसे. त्यांनी काढलेला कालवा सांडलेल्या दोऱ्यासारखा दिसे. एकोणीस वर्षांची ओदिल कामाला आली, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक कोरा अर्धा कागद तिच्याकडे सरकवला. “पाणी तुझ्याकडे,” एवढंच म्हणाले. त्यानंतर अमांदच्या सगळ्या नद्या, सगळे पाऊस, सगळे पूर तिचे. नाव अर्थातच मालकांचं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पाण्यावर कोण सही करतं?

ती बावीस वर्षांची असताना तिचं फिर्मांशी लग्न झालं. तो ट्रामच्या कारखान्यात होता. लग्नाला मालकांनी तिला पुराचं ते तेविसावं पान दिलं, अख्खं. पान उलटं करून मागच्या डिंकपट्टीवर त्यांनी आडव्या ओळीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, ती वाचत असताना हसले, आणि वळून पुन्हा कामाला लागले.

वर्षभराने पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. रोलां स्तासार ते पान मागायला आला. स्तासार म्हणजे स्टुडिओचा कारभारी. पानं न्यायची, आणायची, हिशोब बघायचा. चित्रातलं त्याला एवढंच कळे की पान सुकलंय की ओलं आहे.

“पुन्हा फोटो काढायचाय. आठवड्यात आणून देतो,” तो म्हणाला.

तीन महिन्यांनी त्याने खालचा अर्धा आणून दिला. पट्टी जोडावर ब्लेडने सरळ कापलेली होती. वरचा छापखान्यात हरवला, म्हणाला. आणि त्याच आठवड्यात त्याने मालकांच्या कानात सांगितलं की ओदिलने वरचा अर्धा जुन्या बाजारात विकला, मी डोळ्यांनी पाहिलं.

लग्नाची भेट विकणारी बाई. मालकांनी एक शब्द विचारला नाही. सोमवारी ती कामावर आली तर तिच्या टेबलावर दुसरीच मुलगी शाई ढवळत बसली होती. ती मालकांच्या घरी गेली. त्यांची बायको दारातूनच म्हणाली, “ते घरात नाहीत.” आतून त्यांचा खोकला ऐकू येत होता. काखेतल्या कागदाचा उपयोग काय होता? खालचा अर्धा दाखवला असता तर पहिला प्रश्न हाच आला असता, वरचा कुठाय? निर्दोषपणाचा म्हणून जो एकच पुरावा तिच्याकडे होता तोच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

पुढे तिने बिस्किटांच्या डब्यांवरची फुलं रंगवली. मालक वारले तेव्हा प्रेतयात्रेत ती शेवटच्या रांगेत होती. आणि फिर्मांने, त्या सरळ माणसाने, आयुष्यात एकदाच, कांद्याच्या पातीचं सूप पिताना विचारलं होतं, “खरंच नाही ना गं विकलंस?”

ती नाही म्हणाली. त्याने मान हलवली आणि पाव बुडवला. पण त्याने विचारलं होतं. तो गेल्यावरही तो प्रश्न टेबलाशी बसून राहिला. मालकांना तिने केव्हाच माफ करून टाकलं होतं. स्तासारला या एका प्रश्नासाठी तिने माफ केलं नाही.

मग जग उलटं झालं. टेबलाच्या पायाखालची पानं काचेखाली गेली. आधी हजारांत, मग दहा हजारांत. मग एके दिवशी अमांदचं एक पान सव्वादोन लाख युरोला गेलं. तेवढ्यात लिएजकडे बागेसकट घर आलं असतं. आणि ब्रसेल्समधल्या सॅब्लोनच्या चौकात, चॉकलेटवाल्यांच्या आणि जुन्या फर्निचरवाल्यांच्या मधे, काचेच्या दारावर सोनेरी अक्षरं आली: रोलां स्तासार, मूळ चित्रं. मासिकांत त्याच्या मुलाखती येत. एकीत विचारलं होतं, स्टुडिओत आणखी कोण होतं? तो म्हणाला होता, “एक मुलगी होती. कॉफी आणायची.”

ते वाक्य ओदिलने कापून ठेवलं नाही. गरज नव्हती.

फेब्रुवारीत तो स्वतः आला. पंचाहत्तरीचा, उंटाच्या रंगाचा कोट, हातात चॉकलेटचा डबा. तीन जिने चढून दम लागलेला.

“ओळखलंस का, ओदिल?”

“दारात असं विचारणारा मीटर बघायला आलेला असतो. मीटर खाली आहे.”

तो हसला. आत येऊन खुर्चीवर बसला आणि त्याचे डोळे भिंतीवर गेले. ती त्याच्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसे ते होते.

“नशीब बघ,” तो म्हणाला. “वरचा अर्धा सापडला. छापखान्यातला एक जुना माणूस वारला, त्याच्या माळ्यावर. लिलावात ठेवतोय. नुसत्या वरच्याचे चाळीस हजार येतील. दोन्ही जोडून ठेवले तर तीन लाख. निम्मे तुझे.”

“माळ्यावर होता, स्तासारसाहेब?”

“माळ्यावर.”

“उंदरांनी खाल्ला नाही?”

“एकदम जसाच्या तसा. मागची जुनी पट्टीसुद्धा. मी हात लावला नाही, सोडवू दिली नाही. लोक आता पुढचं चित्र नंतर बघतात. आधी पाठ बघतात. जुनी पट्टी म्हणजे अस्सलपणाची खूण.”

ओदिलच्या हातातली किटली क्षणभर तशीच राहिली. सगळ्या धंद्याला लागलेलं हे वेड तिला ठाऊक होतं: डाग पुसायचे नाहीत, डिंक सोडवायचा नाही, मळ जपायचा. पण याने तेही जपलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तपकिरी कागदावर पेन्सिल, तीही मधोमध आडवी कापलेली. अक्षरांची नुसती डोकी. कारभाऱ्याच्या डोळ्याला ते मळाचे ओरखडेच दिसले असणार.

तिने त्याला कॉफी ओतून दिली.

“कागदावर सही करत नाही,” ती म्हणाली. “लिलावाआधी लोक बघायला येतात, त्या पाहणीच्या दिवशी स्वतः घेऊन येईन. सगळ्यांसमोर जोडा.”

स्तासारचा चेहरा खुलला. “सगळ्यांसमोर. वा. भाव आणखी चढेल.”

तो गेल्यावर तिने चॉकलेटचा डबा शेजारणीला दिला, काचेतून पान काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. पट्टीवर अक्षरांचे पाय होते. नुसते पाय. सत्तेचाळीस वर्षं ते डोक्याशिवाय उभे होते.

पाहणीच्या दिवशी लिलावाच्या दालनात तीसेक माणसं होती. चित्रं गोळा करणारे सगळे चेहऱ्याने एकमेकांचे भाऊ वाटत: सुती कपडे, गळ्यात भिंग. लिएजचा एक दातांचा डॉक्टर होता, त्याच्याकडे अमांदची अकरा पानं होती आणि हे बारावं हवं होतं. तिल्द वान होरिक नावाची तरुण तज्ज्ञ बाई लिलावघरातर्फे टेबलाशी उभी होती. स्तासारने माळ्याची गोष्ट सांगितली, उंदरांसकट. उंदीर त्याने ओदिलकडून उचलले होते.

“आणि ही ओदिल,” तो म्हणाला. “आमच्या स्टुडिओतली. हिची कॉफी मालकांना फार आवडायची.”

लोक मायेने हसले. ओदिलने पुठ्ठ्यातून पान काढलं.

“इथे ठेवा, मादाम,” तिल्द म्हणाली.

ओदिलने ते पालथं ठेवलं.

“अगं, सुलटं ठेव,” स्तासार म्हणाला.

“तुम्हीच म्हणालात ना, लोक आधी पाठ बघतात. तुमचाही पालथा करा.”

डॉक्टर म्हणाला, “बरोबर आहे, पाठ बघू द्या.” तिल्दने वरचा अर्धा पालथा केला आणि बोटांच्या टोकांनी सरकवत आणला. डोकी पायांवर येऊन बसली. तिने दिवा आडवा धरला आणि वाकली.

“वाचा की,” ओदिल म्हणाली. “माझे डोळे आता अधू झालेत.”

तिल्दने वाचलं. आवाज तिने मुद्दाम चढवला नव्हता, पण तो शेवटच्या माणसापर्यंत पोचला. “ओदिलला, तिच्या लग्नासाठी. या पानाचा अर्धा तिच्याच हातचा होता. आता सगळंच तिचं. अर्मां कोल्पार्त.”

डॉक्टरने भिंग डोळ्याला लावलं, पान पुन्हा सुलटं केलं आणि पाणी बघू लागला. मग त्याने मान वर केली आणि ओदिलकडे बघितलं, आत्ताच दालनात आल्यासारखं.

“पाणी तुमचं?”

“पाणी माझं.”

स्तासारने कोटाचं वरचं बटण सोडलं. “छापखानेवाल्याने... मला काय माहीत...”

“म्हणजे हे चोरीचं आहे,” तिल्द म्हणाली. “लिलावातून काढावं लागेल, मिस्यू स्तासार. पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक होईल, मादामनी तक्रार केली तर.”

सगळ्यांच्या माना ओदिलकडे वळल्या. ती या क्षणाला मनातल्या मनात इतक्या वेळा भेटली होती की तो तिला घरातल्या माणसासारखा ओळखीचा वाटला.

“तू मालकांना काय सांगितलं होतंस?” तिने विचारलं. त्याला ती पहिल्यांदाच तू म्हणत होती.

तो ओठ हलवून काहीतरी बोलला.

“मोठ्याने. डॉक्टरसाहेब मागे उभे आहेत.”

“सांगितलं होतं की... तू विकलंस.”

“आणि मी विकलं होतं?”

“नाही.”

तिने मान हलवली. फिर्मांने हलवली होती तशीच.

“मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, ओदिल,” तो पुटपुटला. “मालकांच्या हातचं काहीतरी आपल्याकडे असावं असं वाटलं, हातून झालं. आता या वयात कोर्टात नको. तुला किती हवेत ते सांग. सगळे घे.”

“तक्रार नाही करत,” ती म्हणाली. दालनातून एक सुस्कारा गेला. कुणीतरी तिला भली बाई म्हणालं. “दोन्ही अर्धे जोडून तुझ्या दुकानात लागतील. काचेत, दारासमोर. खाली दोन नावं. आणि विकायचं नाही. मी रोज चारला येईन. खिडकीशी खुर्ची ठेव. कॉफीत दोन साखरा.”

भली बाई म्हणणारा गप्प झाला.

सोमवारी चार वाजता ती आली. खुर्ची मऊ होती. तिने ती बदलून सरळ पाठीची मागवली. स्तासारने कप आणला. बशीत थोडी सांडली होती, त्याने ती पुन्हा पुसून आणली.

बातमी पसरली होती. अर्पणाची ओळ असलेलं, दोन हातांचं, भांडणाचं पान. डॉक्टरने चार लाख म्हटले. मे महिन्यात पॅरिसहून एकजण येऊन पाच म्हणाला. प्रत्येक आकड्याला स्तासारच्या मानेवरची शीर एकदा उडे. विकायला नाही, असं तो म्हणे, आणि मग तो प्रश्न येई, येतोच. का नाही? कुणाचं आहे? त्या खिडकीशी कोण बसल्यात?

ओदिल कप खाली ठेवत नसे. पाण्याकडे बघत थांबे.

“मादाम दवांद्र,” स्तासार सांगू लागे. “हे पान त्यांचं आहे. एक्काहत्तर... नाही, पंच्याहत्तर साली मी त्यांच्याकडून नेलं...”

“सुरुवातीपासून सांग,” ती म्हणे. “साहेब लांबून आलेत.”