कुंदाकाकू विचारायच्या

सकाळी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात जगतापकाकांचा फोन आला. "पूर्वा, काकू गेली." एवढंच बोलले. नोएडातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचायला कॅबनं पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सारखं वाटत होतं, काकू आत्ता शेजारी असत्या तर ड्रायव्हरला एव्हाना विचारून मोकळ्या झाल्या असत्या, "भैया, इसमें से आपके हाथ में कितना आता है?"

मी परभणीहून दिल्लीत आले ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. क्लासच्या आसपासच्या खोल्यांची भाडी ऐकून बाबांचा चेहरा उतरला, तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी जगतापांचं घर सुचवलं. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरूला, त्यामुळे एक खोली रिकामी. पहिल्याच संध्याकाळी चहा पुढे ठेवत काकूंनी विचारलं, "क्लासची फी किती गं?" मला ते आगाऊपणाचं वाटलं, पण सांगितलं. तीन वर्षांचं पॅकेज होतं, एकरकमी भरलं तर मोठी सूट होती, आणि बाबा निवृत्तीच्या पैशांतून भरणार होते. काकूंचे डोळे चमकले. "उद्या मी येते बरोबर. पॅकेज म्हणजे नेमकं काय असतं, बघू तर दे."

क्लासच्या ऑफिसात टाय लावलेल्या एका मुलानं आम्हाला अर्धा तास माहितीपत्रक समजावलं. काकूंनी सगळं मन लावून ऐकलं, मधूनमधून "अच्छा!" म्हणत. मग म्हणाल्या, "बीच में छोड़ दिया तो कितना वापस?"

तो हसला. "आंटी, नेगेटिव क्यों सोच रही हैं? बच्ची कलेक्टर बनेगी."

"ज़रूर बनेगी. मैं तो बस पूछ रही हूँ. कहाँ लिखा है?"

लिहिलेलं होतं शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. भरलेले पैसे कोणत्याही कारणानं परत मिळणार नाहीत. ती ओळ काकूंनी मला मोठ्यानं वाचायला लावली. शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एका वर्षाचीच फी भरली. सूट हातची गेली म्हणून मी मेट्रोत घुम्यासारखी बसून राहिले, तेव्हा काकूंनी आपली गोष्ट सांगितली. काका सीमेवर असताना त्या लहान मुलाला घेऊन कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. मुदत ठेव समजून त्यांनी एका कागदावर सही केली. निघाली ती विम्याची पॉलिसी, दर वर्षी हप्ता भरायची. दोन वर्षांनी आईच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला गेल्या तर हातात पाव रक्कमही आली नाही. बांगड्या मोडून ऑपरेशन झालं. "कागदावर सगळं होतं गं," काकू म्हणाल्या. "मी विचारलंच नाही. काय वाटेल समोरच्याला, म्हणून..." त्याच रात्री बाबांशी फोनवर बोलून उरलेल्या पैशांच्या एका मोठ्या ठेवीऐवजी त्यांनी तीन लहान ठेवी करायला लावल्या. अडचण आली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

पण हे सगळं त्यांनी भीतीपोटी केलं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना खरोखरच गंमत वाटायची. एकदा नुसतं एक ब्लँकेट घ्यायला त्या मला बसनं पानिपतला घेऊन गेल्या. तिथं कारखान्यात धागा कुठून येतो, विणणाऱ्याला नगामागे किती मिळतात, दिल्लीत तेच ब्लँकेट दुप्पट कसं होतं, असे तासभर प्रश्न. बसभाडं धरलं तर ब्लँकेट महागच पडलं. मी तसं म्हणाले, तर काकू खळखळून हसल्या. "अगं, मग? सिनेमाला गेलो असतो तरी खर्च झालाच असता."

दहा महिन्यांनी एका सकाळी क्लासचं शटर उघडलंच नाही. फोन बंद, दारावर कागदसुद्धा नाही. बाहेर तीन वर्षांचे पैसे भरलेली मुलं उभी होती, त्यातल्या दोघी जणी रडत होत्या. माझे दोनच महिने बुडाले होते, आणि त्याचीच मला लाज वाटत होती. घरी येऊन सांगितलं. "बघ, मी म्हणाले नव्हते?" असं काकूंनी अवाक्षरानंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या मुलींकडे पावत्या आहेत का?" दुसऱ्या दिवशी सहा मुली त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून तक्रारी लिहीत होत्या आणि काकू पोहे वाढत होत्या. एकीला अर्धे पैसे परत मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही... मी पुढे परीक्षेचा नाद सोडला, नोएडातच नोकरी धरली.

काकू गेल्यावर महिन्याभरानं मी काकांकडे गेले ती करायच्या कामांची मोठी यादी घेऊन. या माणसानं आयुष्यभर पगार बायकोच्या हातात ठेवला होता, माझ्या माहितीत तरी बँकेची पायरी कधी चढला नव्हता. पण काका म्हणाले, "लाइटचं बिल भरलं परवा. गॅसचं केवायसी झालं. तिच्या खात्याचा फॉर्म दिलाय, नॉमिनी मीच आहे." "हे सगळं कधी शिकलात?" मी विचारलं.

"शेवटचं वर्षभर बँकेत मलाच पाठवायची," काका म्हणाले. "गुडघे दुखतात म्हणायची. मी चिडून जायचो, रांगेत उभा राहायचो. घरी आलो की उलटतपासणी. हे व्याज कसं काढलं, तो चार्ज कसला? सांगता नाही आलं की परत पाठवायची." "गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडून तिची फाइल आणली. हृदयाचं दुखणं तिला वर्षापासून माहीत होतं, पूर्वा. गुडघ्यांचं त्या फाइलमध्ये काहीच नाही..."

काका उठले. दारामागच्या खिळ्याला काकूंची निळी कापडी पिशवी होती, पासबुकं आणि दोरा बांधलेलं पेन असलेली. ती त्यांनी खांद्याला अडकवली आणि चपला घातल्या.

"आता काय काम काढलंत बँकेत?" मी विचारलं.

"काम नाही. म्हाताऱ्यांना जास्त व्याज देतात ते बँकेला परवडतं कसं, असं विचारलं होतं तिनं शेवटी," काका म्हणाले. "माझं उत्तर द्यायचं राहिलंय."