लॅपटॉपवरचे कुंकू

“आईनं खंडेनवमीला बाबांच्या लॅपटॉपवर तांब्यानं पाणी मारलं, आणि बाबांची पीएच.डी. रंकाळ्यात बुडाली.”

हे वाक्य माझ्या मुलाचे आहे. पुण्याहून आला की तो ते कोणाला ना कोणाला ऐकवतो. गेल्या महिन्यात त्याच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीतही त्याने ते ऐकवले. माझ्या धाकट्या मेहुण्याने घास हातात धरून विचारले, “आन् मग दाजी काय म्हनले?” मुलगा म्हणाला, “काय म्हणणार? आईपुढं बोलायची टाप हाय का त्यांची?” पंगत हसली. जिच्या नावाने त्या दिवशी पान वाढले होते, ती या गोष्टीत खुळी ठरते. सगळ्यांना ती तशीच आवडते. मला ही गोष्ट मान्य नाही, आणि माझे कारण मी येथे लिहून ठेवतो.

भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवले. गळ्यात विद्यार्थ्याचे ओळखपत्र घालून फिरणारा त्या इमारतीतला सर्वांत म्हातारा माणूस मीच होतो आणि त्याची मला लाज नव्हती. विषय होता गगनबावडा तालुक्यातील शेतांची नावे. सातबाऱ्यावर केवळ गट क्रमांक असतो. नाव असते ते कसणाऱ्यांच्या तोंडी, आणि ती माणसे एकेक करून जात होती. मी त्यांच्या घरच्या सोप्यात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, थेट टंकलेखन करीत असे. वही बाळगणे मला मागासलेपणाचे वाटे. ही माझी पहिली चूक, आणि ती माझी आहे.

दुसरी चूक लेखनाच्या सॉफ्टवेअरची. माझ्या शेजारच्या टेबलावर मलकापूरकडची एक मुलगी संशोधन करीत होती. तिने स्वतःच्या यंत्रावर विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर घातले होते. “काका, हेच घ्या. मराठी नीट उमटतंय, अन् कुणाची चोरी पण न्हाई,” असे ती म्हणाली. मी तिला ऐकवले की, छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत अखेरीस ज्यावर काम केले त्यावरच माझा प्रबंध लिहिला जाईल. फुकटच्या पंगतीला मी बसत नाही. ती हसली. “मग विकत तरी घ्या की.”

मी विकतही घेतले नाही. बसस्थानकामागच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “पावणं, आख्खं हापिस घालून देतो. फकस्त ते अँटिव्हायरस बंद ठेवायचं. ते चालू ऱ्हायलं की ह्याला गिळतंय.” ज्या सॉफ्टवेअरला पहारेकरी झोपलेला लागतो ते कोठून आलेले असते, हे मला न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. पहारा मी माझ्या बोटाने बंद केला. फुकटचे नको म्हणणाऱ्या माणसाने चोरीचे घेतले, असे माझ्या मुलाने सांगितले असते तर मी मान खाली घातली असती. तो ते सांगत नाही.

आता त्याच्या आईविषयी. त्या मुलीने मला बजावले होते की लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालून हवा लागते. ते मी घरी सहज बोललो. दुसऱ्या दिवशी हिने आपला जुना पोळपाट घासून, वाळवून माझ्या टेबलावर आणून ठेवला. “ह्याच्यावर ठेवा. खालनं वारं खेळतंय.” खणाच्या कापडाची खोळ तिने शिवली. गगनबावड्याच्या पावसात जाताना त्या खोळीवर प्लास्टिकच्या दोन पिशव्या ती स्वतः बांधत असे आणि गाठ ओढून पाहत असे. कळफलकातली धूळ ती रांगोळीच्या कोरड्या कुंचल्याने काढी. ओले फडके तिने कधी त्या टेबलाकडे नेले नाही. त्या यंत्राची माझ्यापेक्षा अधिक निगा तिने राखली. प्रत काढून ठेवा, असेही त्या मुलीने सांगितले होते. मी पेनड्राइव्ह आणला आणि तो लॅपटॉपलाच खोचून ठेवला, रात्रंदिवस.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाची अवजारे पाटावर मांडतात. त्या वर्षी विळी, कात्री, माझी जुनी मोजणीची साखळी आणि शेवटी लॅपटॉप. “द्या की वो, त्येच्यावर तर तुमचं समदं हाय,” असे म्हणून तिने हात पुढे केले आणि मी तो दिला. झाकण मिटलेले होते. तिने अनामिकेने झाकणाच्या कडेला कुंकवाचे एक बोट लावले, झेंडूचे फूल ठेवले. पाणी पाटाभोवती फिरवले, तेही पळीने. तांब्या देवघरातच होता.

पूजा झाल्यावर सुट्टीला आलेला मुलगा म्हणाला, “बाबा, उघडा की, बघू किती झालाय प्रबंध.” मी झाकण अर्धवट उचलले, माझ्याकडे तोंड करून, आणि मिटले. “बंद पडलाय,” म्हणालो. त्याने आईकडे पाहिले. तिच्या हातात अजून ताम्हन होते. “आई, पाणी मारलंस काय?”

“लांबनंच फिरवलं की रे मी,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “अहो, लांबनंच फिरवलं न्हवं?”

मी लॅपटॉप उचलून तिने शिवलेल्या खोळीत घातला.

लॅपटॉप मी त्याच दुकानात नेला. दुकानदाराने पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि आतले सारे पुसून टाकले. दोन दिवसांनी मुलगा तो आणायला गेला, तेव्हा बिजागरीतले कुंकू दाखवून दुकानदाराने सांगितले, “काकूंनी आंघोळ घातली जनू.” स्वतःचा माल वाचवण्यासाठी तो खोटे बोलला. मुलाचा साक्षीदार तो हा.

पुढच्या खंडेनवमीला तिने विळी आणि कात्री तेवढी पुजली. माझ्या खोलीत ती पाणी घेऊन पुन्हा कधी आली नाही. चहाचा कप उंबऱ्याबाहेर ठेवून हाक मारी, आणि मी उठून घेईपर्यंत तेथे उभी राही, पदराला हात पुसत. हात कोरडेच असत. चार वर्षे मी तो कप उंबऱ्यावरून उचलला. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने एकदा विचारले, “ती शेतांची नावं परत न्हाईच का वो मिळायची?” मी म्हणालो, झोप आता.

पंगतीच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मी मुलाला सांगितले की प्रबंध पाण्याने गेला नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस शिरला, त्याने लॅपटॉपमधल्या आणि पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फायलींना कुलूप घातले आणि पडद्यावर खंडणीचे इंग्रजी पत्र ठेवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. तो वकील आहे. “बाबा, आईला वाचवायला आता काय पण सांगाल. पूजेच्या आधी लॅपटॉप चालू होता, पूजेनंतर बंद. मधी काय झालं? पूजा. हे तुम्ही खोडून दाखवा.”

खोडतो. पूजा नवमीला सकाळी झाली. ते पत्र मी अष्टमीला दुपारी वाचले होते.