सनाकडून पाठ करून घेतलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि आज सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही — हलकं कशाला व्हायला हवं ते? मला राग आलाय. परवा टीव्हीवर पुन्हा तोच प्रकार पाहिला. स्टेजवर एक सावळी मुलगी, मागे रडकं व्हायोलिन, आणि परीक्षक विचारतोय, 'बेटा, सब तुम्हें काली कहके चिढ़ाते हैं?' पोर जरा गोंधळली, मग हो म्हणाली. तिला कुणीतरी हो म्हणायला शिकवलं होतं. मी लगेच ओळखलं. शिकवणारी बाई कशी असते, ते मला ठाऊक आहे.

माझा रहाटणीत नाचाचा क्लास आहे. लावणी, थोडं कथक, गॅदरिंगची गाणी — आईबापांना जे हवं ते. बहुतेक मुलींचे वडील चाकणला कंपनीत. त्यांचे चेहरे मला फक्त वार्षिक कार्यक्रमाला दिसतात. सनाचे अब्बू मात्र दर क्लासला. हमीदभाई. चिखलीत त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज. क्लास असला की दुपारीच शटर ओढायचा हा माणूस. पोरीला सोडून परत जायचा नाही, जिन्यात बसायचा, आणि खिडकीतून मोबाईल धरून स्टेप्स टिपायचा, म्हणजे घरी सराव होईल. एकदा तिच्या चाळाचं चामडं तुटलं, तर जुन्या ट्यूबचं रबर कापून त्यावर घुंगरं ओवून दिली. मग बाकीच्या आया मागे लागल्या, आमच्याही पोरींना करून द्या. दिली की त्यांनी!

सना नाचायची फार सुंदर. मुलांच्या एका रिॲलिटी शोची पहिली फेरी तिनं सहज पार केली. मग तिथल्या एका पोरगेल्या माणसाचा मला फोन आला. नाच तर सगळेच भारी करतात मॅडम, हिची स्टोरी काय आहे?

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे सगळं चॅनेलवाल्यांनी केलं. त्यांना एक गरीब लागतो रडायला, एक जाडा लागतो हसायला, एक गावंढळ बोलणारा लागतो नक्कल करायला. आणि मुसलमानाची पोर असली की घरातून विरोध लागतोच. आहेच तो धंदा हरामखोर. पण खरं सांगू? त्या माणसानं विरोधाचं नावही काढलं नव्हतं. त्यानं फक्त स्टोरी विचारली होती. घरच्यांना नाच चालत नाही — हे मी म्हणाले. बाप मारतो — हेही मीच. बेल्टनं मारतो! हा बेल्ट माझ्या तोंडात आला कुठून? पडद्यावर तेच बघत मोठी झाले होते ना मी. जिन्यात बसलेला माणूस रोज डोळ्यांसमोर, आणि तोंडातून बाहेर पडला तो टीव्हीतला.

का केलं? पडद्यावर माझ्या क्लासचं नाव येणार होतं. बास, एवढंच.

मग सनाकडून वाक्य पाठ करून घेतलं. 'अब्बू मुझे बेल्ट से मारते हैं, पर मैं नाचना नहीं छोड़ूँगी.' ती म्हणाली, 'पण मॅडम, अब्बू तर मारत नाहीत.' मी म्हटलं, अगं, गॅदरिंगला तू चेटकीण झालीस म्हणून खरंच चेटकीण होतेस का? हे तसंच. आणि घरी बोलू नकोस, सरप्राइज आहे. तिला पटलं. मॅडमनं सांगितल्यावर का पटणार नाही?

शूटिंगच्या दिवशी पालकांना खाली हॉलमध्ये बसवलं. वर फक्त गुरूला सोडलं. गुरू म्हणे! खाली हमीदभाई तिचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि वर ती ते वाक्य म्हणत होती. परीक्षक बाई रडल्या. मीही रडले — कॅमेरा माझ्याकडे वळला होता.

एपिसोड लागला तेव्हा हमीदभाईंनी टीव्ही दारात आणून लावला होता, गल्लीतल्या सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. मध्येच चॅनेलनं एक पाठमोरा माणूस घुसवला होता. डोक्यावर जाळीची टोपी, हातात बेल्ट. पुढच्या फेरीत सनाला काढून टाकलं. वापरून झाली होती.

एपिसोड लागल्यानंतरच्या पहिल्याच क्लासला मी पोचले तर मुली नवा खेळ खेळत होत्या. एक परीक्षक, एक रडणारी, आणि एक अब्बू. अब्बू झालेलीच्या गालांवर काजळानं दाढी काढली होती. हमीदभाईंना दाढी नाही हो! नुसती मिशी आहे. या पोरींनी त्यांना दर क्लासला पाहिलेलं, त्यांच्या हातची चिक्की खाल्लेली. तरी दाढीच काढली. आणि रडणारी कोण झाली होती? सना. तिला ते वाक्य पाठ होतं.

हमीदभाई खिडकीतून बघत होते. ते आत आले, सनाचा हात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

'मॅडम, तुमीच सांगा, मी हिला कधी बोट तरी लावलंय का? मग पोरगी असं का बोलली? घरी विचारतोय तर तोंड उघडत न्हाई.'

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. सना माझ्याकडे बघत होती — आता मॅडम सांगतील, ते नाटक होतं म्हणून.

मी म्हणाले, 'मुलं कॅमेऱ्यासमोर काहीही बोलतात, हमीदभाई. मलाही धक्काच बसला.'

हमीदभाईंनी माझ्यापुढे हात जोडले. पोरीनं तुमच्या क्लासला बट्टा लावला, म्हणाले, माफ करा. मग तिला पुढे केलं. 'सॉरी बोल मॅडमला.'

ती सॉरी म्हणाली.

आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पुन्हा असं खोटं बोलू नकोस हं, बाळा.