अमेरिकेला वापस करायचं पिंप

जगातल्या यच्चयावत देशांना एकाच गल्लीत आणून बसवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे सेलूचे मामा. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी मामांना वर्तमानपत्र वाचून दाखवणं हे माझं दुसरं, बिनपगारी काम होतं. कोणत्याही देशाचं नाव आलं की मामा आधी विचारत, "तिकडं भाकरी कशाची?" उत्तरावरून त्या देशाची ऐपत ठरे. चीनमध्ये भात खातात हे ऐकून त्यांनी त्याला बड्या घरांत बसवलं. तिथं गरिबी फार आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "रोज सणावानी जेवल्यावर दुसरं काय व्हनार?" विलायतेची त्यांना कीव येई. "दीडशे वर्सं लोकाच्या घरी जेवले. आता सोताची चूल पेटवायची म्हनल्यावर चटके बसायचेच." अमेरिका मात्र लय मोठं घर, ते शेजारपाजार ठेवून आहे का, एवढीच त्यांना शंका होती.

ती लवकरच फिटली. शाळेत अमेरिकेहून दुधाच्या भुकटीची पिंपं आली आणि मुलांना रोज पेलाभर दूध मिळू लागलं. मामांची धाकटी लेक, अंगानं अगदी काडी, पांढऱ्या मिशा घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी मामा शाळेत हजर. "मास्तर, भांडं कवा वापस करायचं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर आमच्याकडे वाटी रिकामी परत जात नाही. "पोरीनं दूध पेलंय. रिकामं भांडं धाडलं तर काय म्हनतेल ते लोक?"

एक रिकामं पिंप त्यांनी मागून नेलं, पुसून उन्हात ठेवलं आणि नव्या ज्वारीनं काठोकाठ भरलं. मामांचं रान ते केवढं, त्यातही निम्मा मुरूम. मामी म्हणाल्या, "थोडी घरात ऱ्हाऊ द्या की." मामा म्हणाले, "मोठं घर हाय ते. खानारी तोंडं लय असतील."

बैलगाडीतून पिंप स्टेशनावर आलं. पार्सलबाबूनं कपाळाला हात लावला. "अहो, अमेरिकेला काय कमी आहे?"

"कमी न्हाई, म्हनूनच त्येंला कुनी काई देत नसंल," मामा म्हणाले.

बाबूनं पावतीबुक मिटलं. पार्सल काही त्यानं घेतलं नाही. मामा फलाटावर पिंपाला टेकून बसले. दोन गाड्या गेल्या तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "मंग पोरीला सांगतो, उद्यापासून दूध पिऊ नको."

त्या पोरीचे काडीसारखे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. मी म्हटलं, "मामा, शाळेमार्फत पाठवतो. शिक्षणखात्याच्या साहेबांना सांगून." मामांचा चेहरा खुलला.

साहेबांना मी अवाक्षर बोललो नाही. ती ज्वारी आम्ही नवरा-बायकोनं खाल्ली.

पुढे नवी पिंपं आली, तेव्हा मामा उन्हातानाचे धावत शाळेत आले. "बघ, आवडली त्येंला! भांडं भरून वापस धाडलं!" त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ते दूध तोंडाला लावलं. जरा करपट वास, वर गुठळ्या. मामा डोळे मिटून घोट घोट प्यायले आणि म्हणाले, "लय ग्वाड हाय."

मामांना खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच. ते गेले तेव्हाही त्यांच्या लेखी सेलू आणि अमेरिका ही बरोबरीची घरं होती. श्रीमंत देश आणि गरीब देश असा धडा मी पुढे पुष्कळ वर्षं शिकवला, पण शिकवताना दर वेळी मला माझीच लाज वाटे. दोन्ही घरं मनापासून देणारी होती. मधल्यामधे खाणारा तेवढा मी निघालो.