पहिली त्रुटी मौलानांच्या नावावर

लातूरच्या डाळमिलमध्ये मी सकाळी तुरीचा ओलावा तपासत होतो, तेव्हा नांदेडहून फोन आला. "मौलाना गेले..." एवढंच बोलून त्यांच्या महाविद्यालयातल्या ज्येष्ठ शिक्षकांनी, शफीकसाहेबांनी, फोन ठेवला. त्याला आता दीड महिना झाला. पण मौलाना रहमतुल्लांची आठवण निघाली की मला अजून आधी हसूच येतं.

आमची ओळख एसटीतली. माझ्या मांडीवर मिलच्या आयएसओ तपासणीची फाइल उघडी होती आणि शेजारचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ अहमदपूर येईपर्यंत ती माझ्याबरोबर वाचत होते. मग म्हणाले, "भाऊ, डाळीचं एवढं बघता तुम्ही. आमच्याकडं पोरं आठ-आठ वर्षं शिकतात. त्यांना खरंच समजलं का, हे आम्ही कधी बघितलंच न्हाई." ते नांदेडच्या एका अरबी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तिथे धर्मशास्त्राची पदवी घेऊन तरुण आलिम म्हणजे धर्मपंडित होत.

महाविद्यालयालाही तसंच आयएसओ प्रमाणपत्र घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि पुढच्याच रविवारी मला शिक्षकांच्या बैठकीत बसवलं. माझ्या कपाळावर विभूती, समोर पंधरा मौलवी... शफीकसाहेब सरळच म्हणाले, "इल्म, हे ज्ञान, काय तूरडाळ हाय का, चाळणीतून काढायला? हे सुरू झालं तर माझा राजीनामा घ्या."

मौलाना शांतपणे म्हणाले, "मग पहिल्यांदा मलाच चाळा."

त्यांच्या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, तासाबद्दल मी विद्यार्थ्यांकडून बिननावाचे अभिप्राय घेतले. ते त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच वाचले. एकाने लिहिलं होतं, ‘हजरत लई गोड बोलतात, पण अर्धा तास किश्शांत जातो. शेवटचे धडे मग परीक्षेआधी पळवतात.’ मौलानांनी ते पुन्हा वाचलं आणि दाढी हलेपर्यंत हसत सुटले. "इतकी वर्षं झाली, हे मला कुणी सांगितलं न्हाई." माझ्या हातातली त्रुटींची नोंदवही ओढून घेऊन महाविद्यालयातली पहिली त्रुटी त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिली. उपायाच्या रकान्यात लिहिलं, ‘शफीकसाहेबांच्या तासाला महिनाभर मागे बसणे.’ ते वाचून शफीकसाहेब इतके ओशाळले की राजीनाम्याचा विषय पुन्हा निघालाच नाही.

आणि मौलाना खरंच बसले, विद्यार्थ्यांच्या मागे, सतरंजीवर, वही घेऊन. मी एकदा डोकावलो तर हळूच म्हणाले, "शिकून राहिलो, बसवराजभाऊ. बोलायला लावू नका." पुढच्या महिन्यात शफीकसाहेबांनी आपणहून स्वतःचे अभिप्राय मागवले.

आयएसओच्या तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "अभ्यासक्रम बदलला का?" मौलाना म्हणाले, "पुस्तकं तीच हायत, बाई. फक्त आता ती वेळेत संपतात," आणि स्वतःच्या त्रुटीचं पान त्यांनी कौतुकाने पुढं केलं. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्यांनी अर्धापूरची केळी मागवून साऱ्या महाविद्यालयाला वाटली.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. मौलानांच्या खोलीत आता प्राचार्य म्हणून शफीकसाहेब बसतात. त्या खोलीला दार नाही. दार वाजवायचा धाक वाटतो, असं विद्यार्थ्यांनी एकदा अभिप्रायात लिहिलं, म्हणून मौलानांनी ते काढूनच टाकलं होतं. "वारा लई येतो," शफीकसाहेब म्हणाले, "पण परत बसवायला मन होईना..."

तेवढ्यात एक विद्यार्थी सरळ आत आला. "हजरत, कालचा धडा समजला न्हाई."

शफीकसाहेबांनी समोरचे कागद बाजूला केले आणि त्याला बसायला सांगितलं.