पडलेलं फळ वाटसरूचं

माझ्या लग्नात वडिलांनी भांडी कमी आणि संत्र्याची रोपं जास्त दिली. माहेर वाशीमकडचं. तिथे ज्याची विहीर त्याचा संत्र्याचा मळा. बैलगाडीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं बघून शिरड शहापूरच्या सासरी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "सून आणली का माळीण?" असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, सगळ्यांदेखत म्हणाले. मी नवी होते म्हणून गप्प बसले. गप्प बसण्याची ती माझी शेवटची खेप.

रोपं विहिरीजवळच्या तुकड्यात लागली आणि काही वर्षांनी फळांनी लगडली. काळ निजामी राजवटीचा, रझाकारांचं वारं सुटायच्या बराच आधीचा. आमची संत्री हिंगोली स्टेशनातून मुंबईला आणि तिथून बोटीनं परमुलखात पाठवायला एक व्यापारी तयार झाला. बंदरावर तपासणाऱ्यांनी फळं कापली, आत अळ्या वळवळल्या, आणि सगळ्या पेट्या नापास झाल्या. आपली कीड दुसरा मुलूख घेत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

बातमी आली त्या दिवशी मामंजींनी कुऱ्हाडीला धार लावून आणली आणि ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवली. "आणखी एक हंगाम बघतो," ते म्हणाले. "मग तिथं कापूस."

ती कुऱ्हाड मला येता-जाता दिसायची. राग यायचा आणि भीतीही वाटायची. झाडं गेली असती तर त्या घरात माझं म्हणावं असं काहीच उरलं नसतं. आता माझ्या पेटीत अळी निघणार नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

पुढच्या हंगामात बागायत खात्याचे एक साहेब पाहणीला आले. दखनी उर्दूत बोलायचे. झाडाकडे त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून एक गळालेलं संत्रं उचललं, फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. "देखो बाई, बीमारी यहाँ पडी है." अळी पडलेल्या फळातून मातीत शिरते, तिची माशी होते आणि माशी पुन्हा झाडावरच्या फळाला टोचते, असं त्यांनी समजावलं. गळालेली फळं रोज वेचायची, खोल खड्ड्यात टाकून चुना आणि माती लोटायची. पेटीत पान नको, मातीचा कण नको. माल आगगाडीत चढायच्या आधी हिंगोलीला ते स्वतः फळं कापून बघणार होते. "एक भी कीडा निकला, तो दाखला नहीं मिलेगा."

ऐकायला सोपं होतं. पण आमच्या घरात अवघड होतं ते नेमकं हेच.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या घराण्यात रीत होती: झाडावरचं फळ मालकाचं, पडलेलं वाटसरूचं. मग ते आंब्याचं असो की बोराचं. आमच्या बांधावरून जवळा बाजारची वाट जायची. बाजारकरी, गुराखी, नरसीच्या देवळात दर्शनाला निघालेले लोक, सगळे वाकून फळ उचलत आणि कोणी कोणाला विचारत नसे. जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी तर रोज सकाळी टोपली घेऊनच यायची.

मी खड्डा खणून घेतला तेव्हा आत्याबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "अन्न पुरून राहिली व्हय गं?"

"अन्न न्हाई आत्याबाई, रोग पुरून राहिले."

"तोंड लय चालतं तुझं."

चालायचंच. पण तांड्यावरच्या म्हातारीपुढे ते चाललं नाही. मी तिला बांधावर अडवलं. ती रागावली नाही. टोपली खाली ठेवून तिनं विचारलं, "बाई, पडलेलं फळ कवापासून तुमचं झालं?"

ती रिकामी टोपली घेऊन परत गेली, आणि आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, पण भिंतीकडे बघून. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. त्या माझ्याआधी मळ्यात जाऊन गळालेली फळं वेचायच्या आणि वाटेच्या कडेला बांधावर ओळीनं मांडून ठेवायच्या. नवरा दोघींपुढे मान डोलवायचा आणि बैलांकडे निघून जायचा.

शेवटी एका सकाळी मी बांधावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. भांडायला आले असं वाटून त्यांनी पदर खोचला. मी त्यांच्याच ओळीतलं एक संत्रं सोललं आणि फोड मोकळी करून त्यांच्या तळहातावर ठेवली. तिच्यातून अळी बाहेर आली.

"हे तुमी वाटसरूला देऊन राहिल्या, आत्याबाई."

त्यांनी दुसरं संत्रं स्वतः फोडलं. मग तिसरं. त्यांचा चेहरा उतरला. "इतकी वर्सं हेच दिलं व्हय गं मी लोकाला?"

जिंकल्याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. आत्याबाईंची मला फार कीव आली.

त्यांनी ती सगळी ओळ पदरात भरली आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात लोटली. मी चुना टाकणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांब. रीत मोडायची न्हाई. पडलेलं देता येत न्हाई, तर तोडलेलं द्यायचं. एक झाड वाटसरूचं."

मी लगेच कोपऱ्यातल्या एका खुरटलेल्या झाडाकडे बोट दाखवलं.

"उष्टंखरकटंच वाढायचं आसंल तर खड्डाच बरा," असं म्हणून त्या विहिरीजवळच्या झाडापाशी गेल्या आणि खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते झाड माझ्या वडिलांनी इथे येऊन स्वतः लावलेलं. मळ्यात सगळ्यात जास्त फळ त्याला, आणि पेट्या भरायची माझी सगळी भिस्त त्याच्यावर. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते मला पुरतं कळत होतं.

"दिलं," मी म्हणाले.

मग मी तांड्यावर गेले आणि म्हातारीला सगळं सांगितलं. ती आली, खड्ड्यात वाकून बघितलं, फोडलेली फळं बघितली. "आसं पयलंच सांगावं ना, बाई," म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर गळालेली फळं वेचू लागली. वाटेवरच्या प्रत्येकाला ती ओरडून सांगायची, "खालचं उचलू नका, त्या झाडाचं तोडा!" मळ्याला इतका कडक राखणदार त्याआधी कधी मिळाला नव्हता.

पेट्या हिंगोलीला निघाल्या तेव्हा मीही मामंजींच्या शेजारी बैलगाडीत बसले. "बायामाणसाचं तिथं काय काम?" मामंजींनी विचारलं. "झाडं माझी हायेत," मी म्हणाले. साहेबांनी पेट्या उपसून तळातली फळं काढली आणि एकेक कापायला सुरुवात केली. सुरी फिरली की मी वाकून आत बघायचे. फलाटावर सालींचा ढीग झाला. शेवटच्या फळाची एक फोड त्यांनी तोंडात टाकली आणि म्हणाले, "साफ है."

मी तिथेच रडले. मामंजी दुसरीकडे बघत उभे राहिले.

घरी परतल्यावर मामंजी तडक गाडीतून उतरले. ओसरीवर गेले, खांबाला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि मळ्याच्या वाटेला लागले. दाखला मिळाल्यावरही? मी चप्पल न घालताच मागे धावले.

ते बांधावरच्या बाभळीपाशी थांबले. एक दुबेळकी, दोन फाट्यांची फांदी तोडली, काटे छाटले, आणि ती उचलून विहिरीजवळच्या झाडाकडे गेले. वाटसरूंच्या त्या झाडाची एक फांदी फळांच्या ओझ्यानं जमिनीला टेकत आली होती.

"लोक लोंबकळून तोडतेत," ते म्हणाले. "मोडंल न्हाई तर. बघत काय राहिली? फांदी वर धर."

मी फांदी वर धरली, आणि त्यांनी खाली टेकू लावला.